फर्नांडो अलोन्सो, पण नक्की कुठला? स्पॅनिश नावांचा गुंता

फर्नांडो अलोन्सो म्हटलं की एफ-वन बघणारं कुणीही लगेच सांगेल, तो स्पेनवाला, 2005 आणि 2006 असा सलग दोनदा रेनोच्या गाडीत वर्ल्ड चॅम्पियन झालेला, चाळिशी कधीच उलटली तरी अजून पोरासोरांच्या बरोबरीने रेस मारणारा. बरोबरच आहे. पण हेच नाव हवानातल्या एखाद्या बॅले शिकवणाऱ्या बाईंसमोर घ्या, त्या गाडीचा विषयसुद्धा काढणार नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यासमोर येतील ते 1914 साली हवानात जन्मलेले, 2013 ला 98 व्या वर्षी गेलेले आणि आज ज्याला बॅलेची क्युबन पद्धत म्हणतात ती बसवणारे फर्नांडो अलोन्सो.

या दुसऱ्या अलोन्सोंबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. त्यांची बायको अलिशिया अलोन्सो, म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या बॅले डान्सर्सपैकी एक. दोघांनी 1937 ला लग्न केलं, न्यूयॉर्कमध्ये राहून शिकत होते, नाचत होते, आणि ऐन विशीत तिच्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की महिनोन्‌महिने पडून राहायचं, मान हलवायची नाही. नाचणाऱ्या बाईला ही शिक्षाच की. मग फर्नांडो रोज तिच्या शेजारी बसायचा आणि बोटांनी तिला 'जिझेल' हा प्रसिद्ध बॅले शिकवायचा, म्हणजे दोन बोटं हेच दोन पाय, त्यांनी पावलं टाकून दाखवायची आणि तिने स्वतःच्या बोटांनी ती गिरवायची, अख्खी भूमिका अशी बिछान्यात पडल्या पडल्या पाठ. 2 नोव्हेंबर 1943 ला न्यूयॉर्कमध्ये त्याच 'जिझेल'च्या प्रयोगाला मुख्य नर्तिका मार्कोवा आजारी पडली (तीही अलिशियाच, बघा) आणि ऐनवेळी हिला उभं केलं, आणि ती रात्र बॅलेच्या इतिहासात गेली. 1948 ला या दोघांनी आणि फर्नांडोचा भाऊ अल्बेर्तो याने मिळून हवानात स्वतःची कंपनी काढली, 1959 च्या क्रांतीनंतर कास्त्रो सरकारने तिला पैसा दिला आणि तीच पुढे क्युबाची राष्ट्रीय बॅले कंपनी झाली. स्टेजवर अलिशिया आणि वर्गात फर्नांडो अशी वाटणी होती, आणि जगाचं असं आहे की स्टेजवरचं माणूस लक्षात राहतं. 1975 ला दोघं वेगळे झाले, तो कामाग्वे नावाच्या गावी गेला आणि तिथली कंपनी सांभाळायला लागला.

तर मुद्दा असा की हे दोन फर्नांडो अलोन्सो एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. आणि गंमत म्हणजे खरं पाहिलं तर त्यांची नावं सारखी नाहीतच! गाडीवाला आहे फर्नांडो अलोन्सो दियाझ आणि बॅलेवाला फर्नांडो अलोन्सो रायनेरी. शेवटचा तुकडा आपण बाहेरचे लोक कापून टाकतो आणि मग दोघं एकाच नावाचे होऊन बसतात. तो तुकडा आईकडून आलेला असतो.

आता ही सिस्टीम नीट समजून घेऊ. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावं असतात. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं आडनाव. गाडीवाल्या अलोन्सोचे वडील अलोन्सो, आई दियाझ, म्हणून पोरगा अलोन्सो दियाझ. त्याच्यात मधलं नाव वगैरे काही नाही, दोन्ही आडनावंच, आणि अर्धं नाव सांगायचं झालं तर मागचं गळतं, पुढचं राहतं. इंग्रजी फॉर्म भरणाऱ्यांना हे उलटं वाटतं कारण त्यांच्या डोक्यात 'शेवटचा शब्द म्हणजे आडनाव' असं पक्कं बसलेलं असतं. स्पेनने 1870 च्या नोंदणी कायद्यात हे दोन आडनावांचं कागदावर पक्कं केलं, लोक आधीपासून कमीजास्त प्रमाणात वापरतच होते.

ऐकायला हे फार समानतेचं वाटतं ना, आईचंही आडनाव? पण जरा पुढची पिढी बघा. मुलाला दोन्हीकडून मिळतं ते 'पहिलं' आडनाव, म्हणजे वडिलांचं जे वडिलांकडून आलेलं आणि आईचं जे तिच्या वडिलांकडून आलेलं. आजीचं आडनाव नातवापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे शेवटी वंश चालतो तो बापाचाच, फक्त आईकडच्या आजोबांना एक पिढी मुक्काम मिळतो. हां, एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही, जन्माला मिळालेली दोन आडनावं मरेपर्यंत तीच. अलिशिया अलोन्सो हा उलट अपवाद आहे, तिचं मूळ आडनाव मार्तिनेझ देल ओयो, पण नवऱ्याचं लावून न्यूयॉर्कच्या स्टेजवर उतरली आणि तेच राहिलं.

ही दोन आडनावं मुळात लागतात कशाला, तर पहिली आडनावं फार थोडी आहेत म्हणून. स्पेनमध्ये गार्सिया हे पहिलं आडनाव असलेले 14 लाखांहून जास्त लोक आहेत आणि देश जेमतेम पाच कोटींचा. कोल्हापूरच्या बाजारात उभं राहून 'ओ पाटील' अशी हाक मारली तर काय होईल, तसंच तिकडे गार्सियाचं. त्याच्या पाठोपाठ रोद्रिगेझ, गोन्सालेझ, फर्नांडेझ, लोपेझ, मार्तिनेझ, सांचेझ, पेरेझ, म्हणजे सगळे 'एझ'वाले. हा 'एझ' म्हणजे अमक्याचा पोरगा. रोद्रिगोचा तो रोद्रिगेझ, सांचोचा सांचेझ, सुएरोचा सुआरेझ. मध्ययुगात हे दर पिढीला बदलायचं, बाप मार्तिन तर पोरगा मार्तिनेझ, त्याचं नाव सांचो ठेवलं की नातू सांचेझ. पुढे चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं आली, 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ती सगळीकडे सक्तीची केली, कागदावर एकदा लिहिलं गेलं ते हळूहळू गोठलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू राहिलं. एवढ्या लोकसंख्येला बापांची नावं पुरणार किती, म्हणून एकेका आडनावाचे लाखो लोक.

वसई आणि गोव्याकडच्या मंडळींना हे ओळखीचं वाटलं असेल. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपिस, गोन्साल्विस ही तीच नावं, फक्त पोर्तुगीज वळणाची, तिकडे 'झ' नाही, शेवटी 'स' लिहितात. आणि पोर्तुगीजांत क्रम बरोबर उलटा, आईचं आधी आणि वडिलांचं शेवटी. एकाच द्वीपकल्पावर शेजारी शेजारी राहून हे असं.

त्यात पहिली नावंही थोडीच. संतांच्या यादीतून नाव ठेवायचं म्हटल्यावर अंतोनियो, होसे, मानुएल, फ्रान्सिस्को, आणि बायकांमध्ये मारिया अमुक, मारिया तमुक. होसे मारिया असेल तर पुरुष आणि मारिया होसे असेल तर बाई, हे लक्षात ठेवा, नाहीतर ईमेलमध्ये घोळ होतो. शिवाय स्पेनमधल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीत कातालान, बास्क असल्या तिथल्याच प्रादेशिक भाषांतली नावं ठेवायला बंदी होती, यादी आणखीच आखूड. फुटबॉलर योहान क्रायफ बार्सिलोनाला खेळत असताना 1974 ला त्याला मुलगा झाला, जन्म अॅमस्टरडॅमचा, नाव ठेवलं जॉर्दी, जे कातालान आहे. स्पेनमध्ये नोंदणीला गेल्यावर कारकून म्हणे चालणार नाही, 'होर्खे' लिहा. क्रायफ हटला नाही, डच कागद पुढे केले, आणि पोरगा जॉर्दीच राहिला. बाकीच्या बापांकडे ना डच कागद होते ना क्रायफचं नाव. 1977 नंतर ती बंदी गेली.

आता एन्रिके इग्लेसियास. आपल्याकडे 2012 ला पुण्यात शो केला तो गायक, हे सगळ्यांना माहीत. त्याचं पूर्ण नाव एन्रिके मिगेल इग्लेसियास प्रेझलर, आई इसाबेल प्रेझलर ही मनिलाची. वडील हुलियो इग्लेसियास आधीच जगप्रसिद्ध गायक, त्यामुळे पोराला त्या नावाचा टेकू नको होता आणि घरी कळूही द्यायचं नव्हतं. मग त्याने काय केलं, लहानपणापासून सांभाळणाऱ्या आयाकडून थोडे डॉलर उसने घेऊन डेमो रेकॉर्ड केला आणि तो कंपन्यांकडे फिरवताना नाव सांगितलं 'एन्रिके मार्तिनेझ', म्हणे मध्य अमेरिकेतला एक होतकरू गायक आहे. हे मला भारी वाटतं, कारण लपायला त्याला काही विचित्र टोपणनाव लागलंच नाही, मार्तिनेझ म्हटलं की झालं, कुणीही असू शकतो. करार हातात पडल्यावर मग खरं नाव, 1995 ला पहिला अल्बम, तो त्याने त्या आयालाच अर्पण केला, आणि 1997 ला ग्रॅमी.

पण नावाचा दुसरा मालक आधीपासून होता आणि तो काही ऐरागैरा नव्हता. एन्रिके इग्लेसियास गार्सिया, स्पेनच्या अस्तुरियास भागातल्या खेड्यात जन्म, लहानपणीच घरचे उरुग्वेला गेले, तिथे अर्थशास्त्र शिकला, विशी-तिशीतून वर येत देशाच्या सेंट्रल बँकेचा अध्यक्ष, मग लॅटिन अमेरिकेसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा प्रमुख, मग 1985 ते 88 उरुग्वेचा परराष्ट्रमंत्री. 1986 च्या सप्टेंबरमध्ये पुंता देल एस्ते या समुद्रकाठच्या गावी जगभरचे व्यापारमंत्री जमले, त्या बैठकीचा अध्यक्ष हाच, आणि तिथून व्यापार-वाटाघाटींची जी फेरी सुरू झाली तिला उरुग्वे राउंड म्हणतात. आता हे लांबचं वाटेल, पण नव्वदच्या दशकात मराठी पेपर वाचणाऱ्यांना 'डंकेल प्रस्ताव' आठवत असेल, म्हणजे शेतीसकट जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांचा मसुदा, गावोगाव त्यावर भांडणं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्याच्या बाजूने आणि बाकी बरेच जण कडाडून विरोधात, तो डंकेल प्रस्ताव याच फेरीतला. शेवटी 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. म्हणजे ज्या वर्षी गायक एन्रिकेचा पहिला अल्बम आला त्याच वर्षी. एका एन्रिके इग्लेसियासची गाणी आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला वाजली आणि दुसऱ्याने सुरू करून दिलेल्या वाटाघाटींचा परिणाम कापसाच्या आणि बियाण्याच्या वादात आपल्यापर्यंत पोचला. हे बँकवाले इग्लेसियास 1988 पासून 2005 पर्यंत, 17 वर्षं, इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचे अध्यक्ष होते. इंग्रजी कागदांत त्यांच्या नावात मध्ये 'व्ही' असतो, व्हॅलेंतिनचा. गायकाला तसला काही 'व्ही' लावायची वेळ आली नाही.

आई मनिलाची यावरून आठवलं, नावं सारखी झाल्यामुळे सरकारच वैतागलं असा प्रकार फिलिपिन्समध्ये झालाय. स्पॅनिश राज्यात तिकडे लोक ख्रिस्ती झाले की पटकन 'दे ला क्रूझ', 'दे लोस सांतोस' अशी पवित्र आडनावं लावायचे, भाऊभाऊसुद्धा वेगवेगळी आणि गावंच्या गावं सारखी. कर वसूल करणाऱ्याला कोण कुठला ते कळेना. मग 1849 ला गव्हर्नर क्लावेरियाने फर्मान काढलं आणि आडनावांचं एक भलंमोठं कॅटलॉगच छापून गावोगावी वाटलं, यातून निवडा. काही ठिकाणी एका गावाला त्यातली एका अक्षराची पानं गेली, त्यामुळे अजूनही अशी गावं आहेत जिथे बहुतेक जुन्या घरांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. सरकारी डोकं कुठेही जा, सारखंच.

फुटबॉलमध्ये तर लुईस सुआरेझ नावाचा नुसता सुकाळ. आजच्या पोरांना माहीत असलेला तो उरुग्वेचा, लुईस सुआरेझ दियाझ, 2010 च्या वर्ल्ड कपला घानाविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी गोललाइनवर हाताने बॉल अडवणारा आणि 2014 ला इटलीच्या किएलिनीला चावणारा, आणि हे सगळं बाजूला ठेवलं तर त्याच्या पिढीतला एक नंबरचा स्ट्रायकर. पण स्पेनमधल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते म्हणतील सुआरेझ एकच, लुईस सुआरेझ मिरामोंतेस, ला कोरुन्याचा, 1935 चा जन्म. 1960 ला त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरला देतात ते बॅलन डी'ओर मिळालं, 1961 ला बार्सिलोनाहून इंटर मिलानला त्यावेळच्या जागतिक रेकॉर्ड किमतीत गेला, तिथे दोनदा युरोपियन कप आणि 1964 ला स्पेनकडून युरो. 2023 च्या जुलैमध्ये मिलानमध्ये गेला. दोघेही सुआरेझ बार्सिलोनाला खेळलेले, म्हणजे क्लबच्या रेकॉर्डबुकात पण पंचाईत. तिसरा कोलंबियाचा, सुआरेझ चारिस, तो अजून खेळतोय.

चौथा मैदानाबाहेरचा, लुईस सुआरेझ फर्नांडेझ, मध्ययुगाचा इतिहासकार, वायादोलिद विद्यापीठाचा कुलगुरू होता, 1924 ला हिखोनमध्ये जन्मला आणि शंभरी पूर्ण करून डिसेंबर 2024 ला गेला. राणी इसाबेलाच्या काळावर त्याचा अभ्यास मोठा, पण नाव गाजलं ते वेगळ्याच कारणाने. 2011 ला स्पेनच्या इतिहास अकादमीने एक प्रचंड चरित्रकोश काढला, त्यात फ्रँकोवरची नोंद याने लिहिली आणि त्याला हुकूमशहा म्हटलंच नाही, म्हणे राजवट एकाधिकारशाही होती पण सर्वंकष नव्हती. देशभर गदारोळ, संसदेपर्यंत गेलं. माझं मत विचाराल तर चावणाऱ्या सुआरेझपेक्षा या सुआरेझने जास्त माणसं चिडवली.

बघा, मिरामोंतेस, दियाझ, चारिस, फर्नांडेझ, चौघांना वेगळं करतं ते आईकडचं आडनावच. म्हणून स्पेनमध्ये ज्याचं पहिलं आडनाव फार सामान्य तो सरळ दुसऱ्यावर जगतो. पाब्लो रुइझ पिकासो, यातला रुइझ बापाचा, तो त्याने सोडला. कवी लोर्का मूळचा गार्सिया लोर्का. स्पेनचे माजी पंतप्रधान रोद्रिगेझ झापातेरो, सगळे झापातेरोच म्हणायचे. पण हे ज्याने त्याने ठरवायचं असतं, आपण परस्पर कापायचं नसतं. आपल्याकडे साहित्यातली मंडळी कोलंबियाच्या कादंबरीकाराला बिनधास्त 'मार्केझ' म्हणतात, तिकडे तो गार्सिया मार्केझ, दोन्ही एकत्र, आणि लायब्ररीत 'ग' खाली सापडतो. फुटबॉलवाल्यांनी वेगळीच वाट काढलीय, पेद्रो गोन्सालेझ लोपेझ असलं नाव जर्सीवर घालून काय ओळख राहणार, म्हणून तो झाला पेद्री. रोद्रिगो एर्नांदेझचा रोद्री. गावी नावाच्या फुटबॉलरचं तर आईच्या 'गाविरा'वरून आलंय. कार्लोस अल्काराझ टेनिसवाला, आणि जवळपास त्याच्याच वयाचा एक कार्लोस अल्काराझ अर्जेंटिनाचा फुटबॉलर, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन, एव्हर्टनला खेळलेला. कार्लोस साइन्झ बाप आणि पोरगा, बाप रॅलीत दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, पोरगा एफ-वनला. तिथे तर 'सीनियर-ज्युनियर' म्हणूनच भागवतात.

आईचं आडनाव पुढे लावायचा हक्क मात्र कालपरवा मिळालाय. स्पेनची फुटबॉलर ऐताना बोनमाती, जिला 2023, 2024, 2025 असं सलग तीनदा बॅलन डी'ओर मिळालं, तिचा जन्म जानेवारी 1998 चा. आईवडिलांना आईचं बोनमाती पहिलं हवं होतं आणि वडिलांचं कोंका दुसरं, कायदा म्हणाला जमणार नाही. ते झगडत राहिले, 1999 ला कायदा बदलला, तेव्हा कुठे ती बोनमाती कोंका झाली. तरी तेव्हाही काही न सांगितल्यास बापाचंच पहिलं असा नियम होता, तो 2017 ला गेला, आता आईबापांनी क्रम लिहून द्यायचा, नाही जमलं तर निबंधक ठरवणार. आणि पहिल्या पोराला जो क्रम तोच बाकीच्या भावंडांना. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आलाय. आपल्याकडे आई नावाने येते, तिकडे आडनावाने.

शेवटची जोडी योगायोगाची नाहीच, मुद्दाम ठेवलेली. पाब्लो इग्लेसियास पोसे, छापखान्यात टाइप जुळवणारा कामगार, त्याने 2 मे 1879 ला माद्रिदच्या 'कासा लाब्रा' नावाच्या खानावळीत पंचवीसेक जण जमवून स्पेनचा समाजवादी पक्ष काढला. 1910 ला तो त्या पक्षाचा पहिला खासदार झाला. जवळपास शंभर वर्षांनी, 1978 ला, माद्रिदमध्ये इग्लेसियास आडनावाच्या एका डाव्या विचारांच्या घरात मुलगा झाला आणि आईबापांनी त्या पुढाऱ्याच्या आदरापोटी पाब्लोच नाव ठेवलं. हा पाब्लो इग्लेसियास तुर्रियोन. त्याने मोठं होऊन काय करावं, तर 2014 ला पोदेमोस नावाचा नवा पक्ष काढून त्याच समाजवादी पक्षाची मतं खाल्ली, इतकी की 2020 ला त्यांना याच्याशी आघाडी करून याला उपपंतप्रधान करावं लागलं, आणि सव्वा वर्षात तो ते पद सोडून माद्रिद प्रांताच्या निवडणुकीत उतरला, आपटला आणि राजकारणातून बाहेर पडला.